गाईच्या हृदयातील तार आणि तिचे निदान

बारामती आणि इंदापूर हे नीरा डाव्या कालव्याचे तालुके. 19व्या शतकाच्या अखेरीस कालव्याचे पाणी आले, ऊस वाढला आणि हिरवी वैरण हाताशी आली. 1967 मध्ये मणिभाई देसाईंनी उरुळी कांचनला ‘बाएफ’ ही संस्था स्थापन केली. पुढे कृत्रिम रेतनातून संकरित गाई या पट्ट्यातल्या गोठ्यांत रुजल्या. या गाईंना हृदयाचा एक विकार वैरणीतूनच होतो.

गाय वैरण न निवडता गिळते. कडबाकुट्टीत तुकडे झालेली तार किंवा खिळा तिच्या जाळीदार पोटात अडकतो. हे पोट आणि हृदय यांच्यामध्ये केवळ पातळ श्वासपटल असते. पोट आकसले की टोक पुढे सरकते, हृदयावरणात शिरते आणि तिथे पू साठतो. गाय कोपरे बाहेर काढून उभी राहते, उतारावर पाय टाकत नाही, मानेची शीर फुगते, गळ्याखालची पोळी सुजते. जुन्या काळी पशुवैद्यांची भिस्त याच खुणांवर आणि स्टेथोस्कोपवर होती, पण सूज दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

1953 मध्ये स्वीडनमधल्या लुंड येथे एडलर आणि हर्ट्झ यांनी माणसाच्या हृदयावर ध्वनिलहरी वापरल्या. पुढे हे तंत्र पशुवैद्यकातही आले. गाईच्या डाव्या कोपरामागे केस काढून, जेल लावून प्रोब टेकवला की हृदयाभोवतीचा द्रव आणि त्यातले धागे पडद्यावर दिसतात. तार मात्र क्वचितच दिसते. तिच्यासाठी क्ष-किरण लागतात. हृदयावरणात पू झाल्यावर उपचार सहसा लागू पडत नाहीत. त्यामुळे जाळीदार पोटात आधीच चुंबक सोडणे हाच खरा उपाय.