मारणारा प्रकाश, धरणारा प्रकाश

१/ पेशीच्या आत शिरेल एवढे बारीक हत्यार धातूचे घडवणे अवघड. म्हणून १९१२ साली सर्गेई चाखोतिन यांनी अतिनील किरणांचा सूक्ष्म झोत वापरून पेशीचा नेमका एक भाग जाळून दाखवला. प्रकाश सुईसारखा वापरण्याची ही सुरुवात होती.

२/ १९६० साली लेझर अवतरला आणि दोनच वर्षांत फ्रान्समध्ये मार्सेल बेसी यांनी त्याचा झोत तांबड्या रक्तपेशींवर रोखला. हत्यार अधिक धारदार झाले. काम मात्र तेच राहिले, इजा करण्याचे.

३/ अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत आर्थर ॲश्किन वेगळ्या मार्गाने चालले होते. प्रकाश वस्तूला ढकलतो. १९७० साली त्यांनी लेझरने पाण्यातील सूक्ष्म मणी ढकलले, तेव्हा ते झोताच्या मध्याकडे ओढले जात असल्याचेही त्यांना दिसले.

४/ याचे कारण असे : पारदर्शक मणी प्रकाशाची दिशा वळवतो आणि त्याची प्रतिक्रिया मण्यावर होते. झोत भिंगाने पुरेसा एकवटला, तर ही ओढ ढकलण्यावर मात करते व मणी केंद्रबिंदूजवळ अडकतो. १९८६ साली ॲश्किन आणि सहकाऱ्यांनी हे एकाच झोताने साधले. हाच ‘प्रकाशचिमटा’.

५/ पुढे तंबाखूवरील विषाणू पकडत असताना, ठेवून दिलेल्या नमुन्यात स्वतःहून पोहणारे कण आढळले. ते जीवाणू होते! तेही चिमट्यात सापडले. परंतु हिरव्या लेझरची शक्ती वाढवताच मेले. पकड साधली होती, पण पकडलेला जीव हातचा जात होता.

६/ उपाय निघाला रंग बदलण्यात. अवरक्त प्रकाश पेशी बराच कमी शोषते. १९८७ साली अवरक्त झोतात धरलेले जीवाणू आणि यीस्ट पेशी नुसत्या जगल्या नाहीत, तर चिमट्यातच त्यांची संख्या वाढली.

७/ १९९३ साली याच चिमट्याने पेशीतील ओझी वाहणाऱ्या कायनेसिन या प्रथिनाचे पाऊल मोजले गेले : ८ नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सव्वा लाखावा भाग.

८/ २०१८ साली ॲश्किन यांना भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. तेव्हा त्यांचे वय ९६ होते. पेशी जाळणाऱ्या झोताचे तिला अलगद धरणाऱ्या हातात रूपांतर झाले, ते प्रकाशाची शक्ती वाढवून नव्हे. त्याचा योग्य रंग निवडून.