एअर रायफलच्या नळीची सफाई

एअर रायफलच्या नळीची सफाई म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या रायफलच्या नळीत साचलेला शिशाचा थर, तेलकटपणा आणि धूळ काढून टाकण्याची प्रक्रिया होय. बोलीत या हत्याराला छऱ्याची बंदूक किंवा एअरगन म्हणतात. ही सफाई किती दिवसांनी अथवा किती छऱ्यांनंतर करावी, याविषयी नेमबाजांत एकमत नाही. दारूगोळ्याच्या बंदुकीचा नियम येथे लागू होत नाही, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

दारूच्या बंदुकीशी तुलना

दारूच्या काडतुसात स्फोट होतो. त्याची काजळी व क्षार नळीत राहतात आणि हवेतील ओल शोषून पोलादाला गंज आणतात. म्हणून सैन्यात व राष्ट्रीय छात्र सेनेत गोळीबारानंतर पुलथ्रू आणि चिंधी घेऊन नळी पुसण्याची शिस्त लावली जाते. एअर रायफलमध्ये ज्वलन होत नाही. तिच्यातून जातो तो ४.५ मिलिमीटर व्यासाचा, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा शिशाचा छर्रा. १० मीटर स्पर्धेच्या रायफलमधून तो सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने बाहेर पडतो. शिसे पोलादापेक्षा फार मऊ असल्याने छऱ्यांमुळे नळी जवळजवळ झिजत नाही. उलट घाईने, चुकीच्या साधनाने केलेली सफाईच तिची अधिक हानी करते. छात्र सेनेत शिकलेली सवय एअर रायफलवर जशीच्या तशी चालवू नये, ती याच कारणासाठी.

नळीत काय साचते

नळीच्या आतील पिळदार खाचा छऱ्याला स्वतःभोवती फिरवतात आणि त्या फिरण्यामुळे तो सरळ जातो. प्रत्येक छर्रा खाचांतून जाताना शिशाचा अतिसूक्ष्म अंश मागे ठेवतो. आरंभी हा अंश उपयोगी असतो. खाचांवर सारखा पातळ लेप बसला की पुढचे छर्रे एकसारख्या घर्षणाने जातात. काही शे छऱ्यांनंतर मात्र लेप जाडसर व असमान होतो. छऱ्यांवरील वंगण आणि हवेतील धूळ त्यात मिसळतात. अनेक नळ्या तोंडाजवळ किंचित निमुळत्या केलेल्या असतात. तेथे साचलेला थर छऱ्याला शेवटच्या क्षणी हिसका देतो. नव्या रायफलच्या नळीत कारखान्यातील संरक्षक तेल असते, म्हणून पहिली सफाई वापरापूर्वीच करावी लागते.

अचूकतेचा हिशेब

१० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील दहाचा ठिपका केवळ अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. छऱ्याचे केंद्र लक्ष्याच्या केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडले, तर १०.० गुण मिळतात. तेथून पुढे दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण वाढतो आणि कमाल गुण १०.९ असतात. म्हणजे नळीच्या दोषाने छर्रा अर्धा मिलिमीटर आणखी बाजूला गेला, तर प्रत्येक नेमाला दोन दशांश गुण जाऊ शकतात.

हे नुकसान किती मोठे, ते भारतीय नेमबाजांच्या कामगिरीवरून दिसते. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटील यांनी २०२२ साली कैरो येथे या प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले. पुढील वर्षी हांगझोऊ आशियाई क्रीडा स्पर्धेत त्यांनी दिव्यांश सिंह पंवार आणि ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर यांच्यासह १८९३.७ गुणांचा सांघिक विश्वविक्रम केला. तिघांचे मिळून १८० नेम होतात. सरासरी प्रत्येकी सुमारे १०.५२ पडते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अभिनव बिंद्रा यांचे सुवर्ण आणि चीनच्या चू छीनान यांचे रौप्य यांत ७०० गुणांच्या हिशेबात अवघ्या ०.८ गुणाचे अंतर होते. दशांश गुणांची मोजणी येण्यापूर्वी सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण मिळवले, तेव्हाही प्रत्येक छर्रा दहात बसणे आवश्यक होते.

जत्रेतील फुगे फोडण्याच्या बंदुकीची नळी सहसा कोणी पुसत नाही, आणि पुसण्याचे कारणही नसते. फुगा वीतभर रुंद असतो.

किती वेळा करावी

प्रचलित मते दोन आहेत. पहिल्या मतानुसार ठराविक संख्येने, बहुधा ५०० ते १००० छऱ्यांनंतर नळी पुसावी. छऱ्यांची डबी अनेकदा ५०० ची असते, त्यामुळे 'एक किंवा दोन डब्यांनंतर सफाई' असा हिशेब ठेवणे सोपे जाते. रोज ६० ते १०० छर्रे मारणाऱ्या खेळाडूला ही वेळ आठवड्या-पंधरवड्याने येते. आठवड्यातून एकदा सराव करणाऱ्या विद्यार्थ्याला दोन-तीन महिन्यांनी. दुसऱ्या मतानुसार अचूकता घटल्याशिवाय नळीला हात लावू नये. दोन्ही मतांना आधार आहे. तरीही नवशिक्याला पहिला मार्ग अधिक योग्य ठरतो, कारण आपला नेम चुकला की नळी, हे ओळखण्याइतका त्याचा हात अजून स्थिर झालेला नसतो.

अनुभवी नेमबाज ही शंका रायफल शिकंज्यात घट्ट बसवून फेडतात. एकाच डबीतील पाच किंवा दहा छर्रे मारून त्यांच्या भोकांचा घोळका किती रुंद पडतो, ते मोजतात आणि नळी स्वच्छ असतानाच्या नोंदीशी ताडून पाहतात. घोळका पसरला तर सफाईची वेळ आली. घोळका घट्ट आहे, पण एका बाजूला सरकला आहे, तर दोष बहुधा दर्शकाचा किंवा सैल स्क्रूचा असतो. बीजिंगच्या अंतिम फेरीपूर्वी बिंद्रा यांचे सरावाचे छर्रे भलतीकडे जाऊ लागले होते. कारण दर्शकाची मांडणी बदललेली होती.

जळगाव जामोद हा सातपुड्याच्या पायथ्याशी असलेला कपाशीचा तालुका आहे. उन्हाळ्यात काळ्या मातीची बारीक धूळ आणि वेचणीच्या दिवसांत कापसाचे तंतू हवेत असतात. पावसाळ्यात ओल असते. अशा ठिकाणी छऱ्यांची संख्या भरली नसली, तरी पावसाळ्याच्या आरंभी व शेवटी एकदा नळी पाहावी. रायफल कापडी खोळीत गुंडाळून ठेवल्यास ओल धरून राहते, म्हणून कोरड्या पेटीत ठेवणे बरे.

पद्धत

प्रथम रायफल रिकामी असल्याची खात्री करावी आणि हवेची नळकांडी निघत असल्यास काढून ठेवावी. सफाई नेहमी छर्रा भरण्याच्या बाजूकडून तोंडाकडे करावी. उलट दिशेने गज घातल्यास तोंडाच्या कडेला ओरखडा पडतो, आणि छर्रा नळी सोडतो त्या जागी पडलेला ओरखडा भरून येत नाही. नायलॉनच्या दोरीला कापडाची पट्टी अडकवून ओढणे सर्वांत सुरक्षित. पितळी किंवा तारेचे ब्रश टाळावेत. जुन्या सुती धोतराची धुतलेली, तंतू न सुटणारी पट्टी उत्तम काम देते. पहिली पट्टी एअरगनसाठीच्या सफाई-द्रावणाने किंचित ओली करावी, नंतर कोरड्या पट्ट्या स्वच्छ निघेपर्यंत ओढाव्यात. दारूच्या बंदुकीसाठी मिळणारी अमोनियायुक्त द्रावणे तांबे विरघळवण्यासाठी असतात. येथे तांबे नसतेच, शिवाय ती हवा अडवणाऱ्या रबरी कड्या खराब करू शकतात.

नमद्याच्या गोळ्या छऱ्याप्रमाणे झाडून नळी पुसण्याची रीत हवेच्या नळकांडीच्या रायफलला चालते. स्प्रिंगच्या रायफलमध्ये हलक्या गोळीने पुरेसा अडथळा होत नाही, दट्ट्या आत जोराने आदळतो; तेथे ती गोळी गजाने ढकलावी. स्प्रिंगच्या रायफलमध्ये आणखी एक धोका असतो. हवेच्या कक्षात पेट्रोलियम तेल गेले, तर दाबाने तापलेल्या हवेत ते पेट घेते आणि रायफलचे भाग निकामी होतात.

सफाईनंतर

पुसलेल्या नळीचे पहिले काही छर्रे इकडे-तिकडे जातात, कारण शिशाचा पातळ लेप निघून गेलेला असतो. तो पुन्हा बसण्यास काही नळ्यांना दहा-वीस, तर काहींना पन्नास छर्रे लागतात. सध्याच्या नियमांनुसार ६० नेमांसाठी ७५ मिनिटे आणि त्याआधी तयारी व सरावाच्या नेमांसाठी १५ मिनिटे मिळतात. हा वेळ नळी बसवण्यात खर्च होऊ नये, यासाठी स्पर्धेच्या सकाळी सफाई करत नाहीत. ती दोन-तीन दिवस आधी उरकून घेतात.

वापरलेल्या पट्ट्यांवर शिसे असते आणि ते विषारी आहे. पट्ट्या कागदात गुंडाळून टाकाव्यात, हात साबणाने धुवावेत आणि तोपर्यंत काही खाऊ नये. लहान मुलांच्या शरीरात शिसे अधिक प्रमाणात शोषले जाते, त्यामुळे शाळेच्या सराव-केंद्रात हे काम प्रशिक्षकाने स्वतः करणे इष्ट.