येणार, नाही, कदाचित

हल्ली आमंत्रण अक्षता घेऊन दारात येत नाही, मोबाइलवर येतं. मजकुराखाली तीन चौकोन असतात : येणार, नाही, कदाचित. त्यातल्या एकावर बोट टेकवलं की झालं उत्तर. परवा मला असंच एका कविसंमेलनाचं बोलावणं आलं. विषय होता एकोपा. तळाशी बारीक अक्षरांत विनंती होती, की कवींनी आपापल्या पारंपरिक वेशात यावं. मी मुसलमान, मराठीत लिहितो, आणि गेली तीस वर्षं शर्ट-पँटमध्येच कविता वाचत आलोय. माझा पारंपरिक वेश कोणता, हे मलाच कळेना. बोट तसंच अधांतरी राहिलं. आणि आठवले जोतीराव फुले.

साल १८८५. पुण्यात मराठी ग्रंथकारांची सभा भरायची होती. पहिली सभा १८७८ मध्ये लोकहितवादी आणि महादेव गोविंद रानडे यांच्या खटपटीनं भरली होती. आजच्या साहित्य संमेलनाची वंशावळ आपण तिथूनच सांगतो. तर या दुसऱ्या सभेचं बोलावणं रानड्यांनी जोतीरावांनाही धाडलं. ज्या माणसाचं ‘तृतीय रत्न’ हे नाटक १८५५ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटीनं नाकारलं, त्याला तीस वर्षांनी हे मानाचं पत्र! रानडे काही परके नव्हते. १८७५ मध्ये दयानंद सरस्वतींची पुण्यात मिरवणूक निघाली, तेव्हा विरोध न जुमानता दोघंही तीत सामील झाले होते. जोतीराव सहज गेले असते. पुढच्या रांगेतली खुर्चीही मिळाली असती.

ते गेले नाहीत. पण ‘नाही’ एवढ्यावर भागवलंही नाही. त्यांनी पत्र लिहिलं, आणि ते त्याच वर्षी जूनमध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आलं. सुरुवात अगदी रीतीची, पत्र मिळून आनंद झाला अशी. आणि मग विषयालाच हात. जी माणसं इतरांना माणूस म्हणून असलेले हक्क मोकळ्या मनानं देत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसायचा नाही. शूद्रातिशूद्रांनी काय सोसलं, ते या मंडळींच्या लिहिण्यात येणार कुठून? तेव्हा आमचं आम्ही पाहू. मात्र सर्वांची एकी खरोखर हवी असेल, तर माणसामाणसांत अक्षय भावंडपण कशानं येईल ते आधी शोधा, आणि ते पुस्तकरूपानं छापा. हे आपलं पत्र सभेपुढं ठेवावं, अशीही विनंती त्यांनी केली. म्हणजे पाहुणा आला नाही, पण त्याचं म्हणणं सभेला आलं.

या पत्रातली मला सगळ्यात आवडणारी जागा शेवटची. अख्खं पत्र मराठीत, आणि निरोप घेताना जोतीराव एकदम हिंदुस्थानीत शिरतात. आमच्या मोहल्ल्यात बोलतात तशा. स्वतःला म्हातारा म्हणवून घेतात आणि सलाम करतात. वय अठ्ठावन्न. मराठी ग्रंथकारांच्या सभेला मराठी माणसानं केलेला हा सलाम! त्यात मिश्किली आहेच. पण प्रेषित महंमदांवर मराठीत काव्य लिहिणाऱ्या या माणसाला तो शब्द परका नव्हता, असंही मला वाटतं.

जोतीराव बोलावणी नाकारतच असत असं मात्र कुणी समजू नये. मार्च १८८८ मध्ये पुण्यात त्यांचे स्नेही हरि रावजी चिपळूणकर यांनी राणी व्हिक्टोरियाच्या मुलाला, ड्यूक ऑफ कॅनॉटला, मेजवानी दिली. तिथं जोतीराव गेले, आणि गेले ते गरीब शेतकऱ्याच्या वेशात. दारावर त्यांना अडवल्याचं सांगतात. आत जरीची पागोटी, दागिने, आणि त्यांच्यात हा माणूस. बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी ड्यूकला बजावलं, की इथं जमलेल्या मंडळींवरून या देशाची परीक्षा करू नका, खरी रयत खेड्यात आहे, ती बघा.

तोही वेशच होता. पण तो कुणी आमंत्रणात लिहून कळवलेला नव्हता. ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिणाऱ्यानं तो स्वतः निवडला होता, आणि ज्यांच्यासाठी निवडला ती माणसं त्या मेजवानीत नव्हती. मला आलेल्या निमंत्रणात टोपी आणि शेरवानी मी घालायची होती, एकोपा मात्र त्यांना दिसायचा होता. यजमान भली माणसं आहेत, हेही सांगायला हवं. भल्या माणसांना उत्तर देणंच अवघड असतं.

दोन दिवस ‘कदाचित’वर काढले. मग चौकोन सोडून चार ओळी लिहिल्या. बोलावल्याबद्दल आभार. येईन. नेहमीच्या कपड्यांत येईन. कविता वाचीन ती आमच्या गल्लीतल्या नळाच्या पाण्याच्या वेळेवरची. ही चालणार नसेल तर मोकळेपणानं कळवावं, राग नाही.

खाली ‘सलाम’ लिहिलं. मग वाटलं, हीच ती शेरवानी, म्हणून खोडलं. मग जोतीराव आठवले, आणि परत लिहिलं.

पत्र पोचलंय. दोन निळ्या खुणा दिसताहेत.