पानिपत : इंधनदूषित भूमी व भूजल यांचे शोधन

हरयाणातील पानिपत जिल्ह्यात खनिज तेलाचे शुद्धीकरण, साठवण, वाहतूक व किरकोळ विक्री हे चारही व्यवहार यमुनेच्या एकाच गाळमैदानावर चालत असल्याने, गळतीमुळे बाधित झालेली जमीन व तिच्या पोटातील पाणी शक्य तितके पूर्वस्थितीस आणण्याचे कार्य. महाराष्ट्रात हे स्थलनाम 1761 च्या संग्रामाशी इतके निगडित आहे की तेथील औद्योगिक दप्तराकडे आपले लक्ष सहसा जात नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली केलेल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत मात्र फरीदाबादबरोबर पानिपतचेही नाव होते.

भूजलीय पार्श्वभूमी : दख्खनच्या काळ्या पाषाणात सांडलेले तेल भेगांच्या वाटेने जाते व कोणत्या विहिरीत प्रकटेल याचा नेम नसतो; पानिपतकडे मात्र वाळू, चिकणमाती व कंकर यांचे थर एकाआड एक पसरलेले असल्याने ते वाळूतून झिरपते, चिकणमातीवर अडते व आडवे सरकते. पेट्रोल आणि डिझेल पाण्याहून हलके असल्यामुळे भूजलपातळीवर त्यांचा थर तरंगतो. परंतु भात-गव्हाच्या शेतीसाठी व कारखान्यांसाठी होणाऱ्या उपशाने ती पातळी जसजशी खाली जाते, तसतसे तेलही तिच्यामागोमाग उतरून वाळूच्या कणांस माखत राहते, आणि पावसाळ्यात पाणी किंचित वर चढले की हे माखलेले तेल पाण्याखाली कोंडले जाऊन पुढे दीर्घकाळ थोडेथोडे विरघळते. निरीक्षण-कूपनलिकेत पारदर्शक नळी सोडून वर काढल्यास खाली पाणी व वर तेलाचा पिवळसर किंवा तांबूस थर, मध्ये स्पष्ट रेषेसह, दिसतो. बारीक मातीत हा थर प्रत्यक्ष जमिनीतील थराहून जाड भासत असल्याने केवळ त्यावरून तेलाचा अंदाज बांधणाऱ्याची फसगत होते. विरघळणाऱ्या घटकांत बेंझीन सर्वांत घातक असून पिण्याच्या पाण्यात त्याची जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेली मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे.

शोधनपद्धती : प्रथम गळती थांबवावी, नंतर तरंगते तेल उपसावे, आणि त्यानंतरच मातीतील व पाण्यातील अवशेषांकडे वळावे, हा क्रम सर्वमान्य आहे. पेट्रोलसारख्या उडनशील इंधनासाठी निर्वात पंपाने मातीतील बाष्प ओढून घेतात, किंवा पाण्याखाली हवा सोडून ते वर आणतात. डिझेलला या उपायांचा लाभ तुलनेने थोडा. उपसलेले पाणी सक्रियित कोळशातून गाळतात. उथळ माती खणून, ढीग रचून, ओलावा, हवा व पोषकद्रव्ये देऊन जीवाणूंकरवी तेलाचे विघटन घडवितात. दिल्लीच्या ‘टेरी’ संस्थेने यासाठी सिद्ध केलेले ‘ऑइलझॅपर’ हे जीवाणुमिश्रण शुद्धीकरण कारखान्यांतील तेलकट गाळावर वापरले गेले आहे. जीवाणूंची कीर्ती मोठी असली, तरी भूजलावर जाड थर तरंगत असताना त्यांच्यावर विसंबणे युक्त नव्हे. पंप हेच तेथे पहिले साधन होय.

तेलशुद्धीकरण कारखाना व हरित न्यायाधिकरण : इंडियन ऑइलचा बहोली गावाजवळील कारखाना 1998 मध्ये वार्षिक 60 लक्ष टन क्षमतेने सुरू झाला; ती 2006 मध्ये दुप्पट व 2010 मध्ये 150 लक्ष टन करण्यात आली. कारखान्याच्या प्रदूषणाने हवा व भूजल बिघडल्याची सिंघपुरा-सिठाणा ग्रामपंचायतीच्या सरपंचांची फिर्याद राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आली. चौकशीसाठी केंद्रीय मंडळ, राज्य मंडळ व जिल्हा प्रशासन यांची संयुक्त समिती नेमण्यात आली. 2019 मध्ये न्यायाधिकरणाने 17.31 कोटी रुपये अंतरिम भरपाई म्हणून जमा करण्याचा हुकूम दिला, व समितीने पुढे केलेली आकारणी सुमारे 642 कोटी रुपयांवर गेली. या आकारणीस कंपनीची हरकत होती. दूषणापैकी सांडपाण्याचा भाग किती व प्रत्यक्ष इंधनाचा किती, यांविषयी मतभेद संभवतात. शोधनाच्या दृष्टीने हा भेद गौण नाही, कारण तरंगणारे तेल पंपाने उचलता येते, पाण्यात मिसळलेले क्षार येत नाहीत.

पेट्रोलपंप : राष्ट्रीय महामार्ग 44 वर, म्हणजे जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्यावर, पंपांची दाटी आहे. जमिनीखालच्या पोलादी टाकीस गंज लागून होणारी गळती बहुधा प्रथम साठ्याच्या हिशेबात उमटते : टाकीत मोजपट्टी उतरवून घेतलेले माप व विक्रीचे आकडे यांचा मेळ दिवसेंदिवस बसेनासा होतो. केंद्रीय मंडळाच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 165 लिटरांहून अधिक गळतीची वर्दी राज्य मंडळास देणे आवश्यक आहे. चेन्नईतील तोंडियारपेट येथे 2013 मध्ये भूमिगत तेलवाहिनीच्या गळतीने घरगुती बोअरांत इंधन उतरले, तेव्हा वर्दी आधी रहिवाशांनीच दिली होती.

कायदा : टाक्यांचे परवाने पेट्रोलियम नियम, 2002 खाली दिले जातात, परवाने देणाऱ्या खात्याचे मुख्यालय नागपूरला आहे. दूषित स्थळांसाठी स्वतंत्र नियम 2025 मध्ये अधिसूचित झाले असून प्राथमिक पाहणी, सविस्तर पाहणी व शोधन असे टप्पे आणि खर्चाची जबाबदारी त्यांत निश्चित केली आहे. व्यापारी जागेच्या खरेदीदारास मात्र हरयाणाची जमाबंदी अगर आपला सातबारा यांतून जमिनीखालच्या तेलाचा थांग लागत नाही. माती व पाणी यांची तपासणी त्याने सौदा ठरण्यापूर्वी आपल्या तजविजीने करून घ्यावी लागते.

विमा : या संदर्भात सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम, 1991 पाहावा.