नाव आणि संख्या : युद्धस्मारकांचे वाचन

युद्धस्मारक ही पाहण्याइतकीच वाचण्याचीही गोष्ट आहे, याचे भान आपल्याला सहसा राहत नाही. कमान पाहून आपण परततो. दगडावर कोरलेला मजकूर न वाचलेलाच राहतो. साहित्याच्या अभ्यासकांनी तरी तो वाचावा, असे आम्हांस वाटते.

दिल्लीचे इंडिया गेट 1931 साली खुले झाले. पहिल्या महायुद्धात कामी आलेल्या हिंदी सैनिकांचे स्मारक ही त्याची ओळख. प्रत्यक्षात त्यावरील सुमारे 13,300 नावे प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि तिसऱ्या अफगाण युद्धात पडलेल्यांची आहेत. फ्रान्स, मेसोपोटेमिया, पूर्व आफ्रिका येथे मेलेल्यांच्या वाट्याला त्या प्रदेशांचा उल्लेख तेवढा आला. त्यांचा नामोल्लेख व्हायचा तो परदेशांतील स्मारकांवर.

तेथेही एकच न्याय नव्हता. फ्रान्समधील न्यव्ह शापेल येथे 1927 साली उभ्या राहिलेल्या स्मारकावर साध्या हिंदी शिपायांचीही नावे आहेत. 1929 च्या बसरा स्मारकावर मात्र हिंदी पलटणींतील अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली आणि शिपायांची केवळ संख्या. युद्ध एकच, सैन्यही तेच. पण युरोपात मेलेला शिपाई व्यक्ती ठरला, इराकात मेलेला आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने 2021 साली अशा विषम वागणुकीची कबुली देऊन क्षमा मागितली.

हा प्रश्न मराठी मुलखापासून दूरचा नाही. कूतच्या वेढ्यात अडकून एप्रिल 1916 मध्ये शरण गेलेल्या सैन्याचे नावच 'सहावी पूना डिव्हिजन' होते. तीत 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. सातारा-रत्नागिरीकडील गावांत आजही संगमरवरी पाट्या आढळतात : या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले, पैकी इतके कामी आले. गेलेल्यांना नावानिशी ओळखणाऱ्या गावातही साम्राज्याने मागे ठेवला तो आकडाच, आणि तोही इंग्रजीत.

इंडिया गेटजवळच 25 फेब्रुवारी 2019 रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तेथील 'त्याग चक्रा'त स्वातंत्र्योत्तर काळातील प्रत्येक हुतात्म्याच्या नावाची स्वतंत्र शिळा आहे. उद्घाटनाच्या वेळी अशी 25,942 नावे होती. शिपाई असो वा अधिकारी, शिळा प्रत्येकाला एकच.

अर्थात नाव कोरले म्हणजे माणूस कळला, असे नव्हे. त्याची बोली, त्याचे घर, त्याची भीती दगडावर मावत नाही. परंतु या साऱ्याचा शोध नावापासूनच सुरू होऊ शकतो. आपल्या महाविद्यालयांच्या परिसरातील पाट्यांवरचे आकडे टिपून, जुनी कागदपत्रे आणि घराघरांतल्या आठवणी यांच्या साह्याने त्यांमागची नावे शोधणे, हे काम इतिहास विभागाइतकेच मराठी विभागाचेही आहे.