शर्यतीतून नांगराला : हरिकेन विमानाची हकीकत

श्रोतेहो, मुळशी तालुक्यातल्या माण गावाहून पूर्वेला निघालात, की पुणे शहरापलीकडे लोहगावचा विमानतळ लागतो. मुंबईचे हवाई संरक्षण व्हावे म्हणून १९३९ साली तो उभारला गेला. शत्रूची विमाने आकाशातच गाठून पाडायची, हे लढाऊ विमानाचे मुख्य काम. पण त्याच महायुद्धात एका लढाऊ विमानाला निराळेच काम करावे लागले.

त्याचे नाव हरिकेन. सिडनी कॅम यांनी आखलेले हे इंग्रजी विमान १९३५ साली प्रथम उडाले. १९४० साली इंग्लंडवर जर्मन विमाने चालून आली, तेव्हा त्याने मोठी कामगिरी केली. पुढे त्याहून वेगवान विमाने निघाली आणि हरिकेन मागे पडले. मग ते मोडीत काढायचे काय? शर्यतीत मागे पडलेला बैल शहाणा शेतकरी नांगराला जुंपतो. येथेही तसेच झाले.

हरिकेनचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, मागच्या अंगावर कापड ताणलेले. गोळी कापडातून आरपार गेली, तर ठिगळ लावून विमान पुन्हा उडे. पंख जाड, ओझे पेलणारे. एका प्रकारात २० मिलिमीटरच्या ४ तोफा आणि पंखांखाली २ बाँब. दुसऱ्यात रणगाडे फोडायला ४० मिलिमीटरच्या २ तोफा. तिसऱ्यात ८ अग्निबाण.

मार्च १९४४ मध्ये जपानी सेना मणिपुरात शिरली. संगशाकच्या टेकडीवर मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी पलटण इतर पलटणींबरोबर २६ मार्चपर्यंत झुंजली. पुढे इंफाळला वेढा पडला. अशा डोंगररानात अवजड तोफा चढवणे फार कठीण; म्हणून विमानानेच तोफेचे काम करायचे. अर्जनसिंग यांच्या हाताखालची भारतीय हवाई दलाची १ नंबरची स्क्वॉड्रन इंफाळहून हरिकेन उडवून शत्रूचा ठाव घेत असे.

हे काम सोपे नव्हे. खाली उतरावे, तर साध्या बंदुकीचीही गोळी लागायची. उंच राहावे, तर झाडीत शत्रू कोण नि आपला कोण ते कळायचे नाही. नेम चुकला, तर आपलीच माणसे मरायची.

पुढे कॅम यांचेच टेम्पेस्ट विमान १९४७-४८ साली काश्मीरच्या लढाईत जमिनीवरील माऱ्यासाठी भारताच्या उपयोगी पडले. त्या मोहिमेबद्दल हृषीकेश मुळगावकर यांना महावीर चक्र मिळाले. १९७६ साली ते हवाई दलप्रमुख झाले.

गुरुजी, मुलांना विमानाचा वेग जरूर सांगा. पण खंदकातला शिपाई कोणत्या आशेने वर पाहत होता, तेही सांगा.