बिस्किटांचे लाडू

बिस्किटांचे लाडू : तयार बिस्किटांचा चुरा, कोको, कंडेन्स्ड मिल्क आणि लोणी एकत्र मळून, चूल किंवा भट्टी न पेटवता वळलेला सुटीतला खाऊ. घरात त्याला ‘चॉकलेट बॉल’ म्हणतात, शाळेच्या स्पर्धेत तो ‘विनाअग्नी पाककृती’ होतो. नाताळात मुलांना सोबत घेऊन करण्याचा हा पदार्थ आहे. बेलापूर (ता. श्रीरामपूर, जि. अहिल्यानगर) आणि प्रवरेकाठचा भाग डोळ्यांसमोर ठेवून येथे त्याची माहिती दिली आहे.

या भागाला नाताळ नवा नाही. अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. पुढे खेड्यापाड्यांत कॅथलिक देवळेही उभी राहिली. बेलापूर कंपनीच्या साखर कारखान्यामुळे नावारूपाला आलेल्या हरेगावात मतमाउलीची यात्रा भरते ती सप्टेंबरात. डिसेंबरात मात्र ख्रिस्ती घरांतला फराळ दिवाळीच्याच वळणाचा असतो : करंज्या, शंकरपाळी, लाडू, चिवडा. केक बहुधा बेकरीतून येतो, कारण ओव्हन घरोघरी कधीच नव्हता. नानकटाईसुद्धा मैदा, तूप, साखर डब्यात घालून बेकरीत न्यायची आणि भट्टीतून भाजून आणायची. त्यात मुलांचा वाटा डबा सांभाळत ताटकळण्याएवढाच. करंजी-शंकरपाळीतही कातण फिरवायला मिळाली तर मिळाली. कढईजवळ त्यांना कोणी फिरकू देत नाही. बिस्किटांच्या लाडवांत सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळे काम मुलांच्या हातचे असते, आणि त्यांचे खरे मोल तेवढेच आहे. चवीने ते बेसनाच्या लाडवाच्या पासंगालाही पुरत नाहीत, असे मोठ्यांचे मत असते. मुलांना ते विचारण्यात अर्थ नाही.

बिनविस्तवाचा म्हटला, तरी पदार्थ कच्चा नसतो. विस्तवाचे काम बिस्किटाच्या कारखान्यात आधीच उरकलेले असते. कच्चा मैदा किंवा कच्चे बेसन कालवून असे गोळे करू नयेत. कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात, आणि मळता मळता चाटणे हा तर या उद्योगाचा अविभाज्य भाग. बिस्किटे मारीची घ्यावीत. ही बिस्किटे मूळची लंडनची, १८७४ मधली. रशियाच्या राजकन्या मारिया यांच्या विवाहानिमित्त काढलेली. ती फार गोड नसल्याने कंडेन्स्ड मिल्कची साखर सोसवते. पार्ले-जी चालते, पण मग दूध थोडे आखडते घ्यावे.

साधारण प्रमाण असे : २०० ग्रॅम बिस्किटे, २५ ग्रॅम कोको, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ५० ग्रॅम मऊ लोणी. बिस्किटे जाड पिशवीत भरून लाटण्याने कुटावीत. या कामाला स्वयंसेवक कमी पडत नाहीत. मिक्सरमध्ये चुरा एकसारखा होतो खरा, पण अगदी पीठ झाले तर लाडू खाताना टाळूला चिकटतो. थोडी कणी राहिलेली बरी. सगळे कालवल्यावर गोळा आधी सैल आणि चिकट वाटतो. लगेच चुरा वाढवू नये. पंधरा मिनिटे झाकून ठेवला की कोरडे बिस्कीट ओल शोषून घेते आणि गोळा आपोआप घट्ट होतो. मग तळहाताला तूप लावून आवळ्याएवढे गोळे वळावेत; पंचवीसच्या आसपास होतात. ते खोबऱ्याच्या किसात, भाजलेल्या तिळात किंवा बडीशेपेच्या रंगीत गोळ्यांत घोळवतात. गोळा थापून वाटीच्या कडेने चंद्र कापता येतो, सुरीच्या पाठीने चांदणी. दोन गोळे एकावर एक ठेवून, खोबऱ्यात लोळवून बर्फाचा माणूसही करतात. बेलापुरात बर्फ गोळ्याच्या गाडीवरच दिसत असला, तरी पोरांचे त्यावाचून अडत नाही.

पाच वर्षांखालील मुलांसाठी अख्खे काजू-बदाम आत घालू नयेत, घशात अडकतात, पूड घालावी. आणि लाडू मोठ्यांनी पुन्हा वळून गोल करू नयेत. आपला वाकडा लाडू ताटात कुठे आहे हे पोरांना बरोबर आठवते.

याच गटातला, पण अस्सल इथला प्रकार म्हणजे शेंगदाण्याच्या कुटाचे लाडू. २५० ग्रॅम भाजलेल्या दाण्यांच्या कुटाला दीडशे ग्रॅम किसलेला गूळ पुरतो. दाण्याचे तेल आणि गुळाची ओल यांवरच लाडू वळला जातो. गूळ साधा, मऊ घ्यावा. चिकीचा घेऊ नये. उसाच्या या मुलखात गुळाला तोटा नाही, तरीही संक्रांतीचा पाकातला तिळगूळ लहानांच्या हाती देत नाहीत, कारण उकळता पाक अंगाला चिकटून भाजतो. तीळ कुटून गुळात मळले तर तोही धोका उरत नाही.

गोव्यातल्या नाताळात कुलकुलांचे पीठ नव्या फणीवर किंवा काट्यावर वळण्याचे काम मुलांकडे असते. तळण मात्र मोठ्यांचे. स्वीडनमधले ओट्स, कोको आणि लोण्याचे ‘शोकलाडबोल’ मात्र न भाजता होतात, तेव्हा बिस्किटांच्या लाडवांशी त्यांचे नाते अधिक जवळचे.

कोकोतील स्निग्धांश साधारण ३४ अंशांना वितळतो, लोणीही त्याच्या आगेमागे. डिसेंबरात या भागात रात्री चांगलाच गारठा पडत असल्याने झाकून ठेवलेले ताट फ्रिजशिवाय सकाळपर्यंत घट्ट होते. मे महिन्यात तेच मिश्रण तळहातालाच चिकटून बसते. उन्हाळी छंदवर्गाला म्हणून कुटाचेच लाडू सोयीचे.